मराठी वर्गातले इंग्रजी व्याकरण : प्रस्तावना

दहावीच्या इंग्रजीच्या प्रश्नपत्रिकेत 'डू ॲज डायरेक्टेड' हा प्रश्न वर्षानुवर्षे ठाण मांडून बसला आहे. 'टू' काढून वाक्य पुन्हा लिहा, 'नो सूनर... दॅन' वापरा, प्रयोग बदला, 'नॉट ओन्ली... बट ऑल्सो'ने दोन वाक्ये जोडा. मराठी माध्यमातली पुष्कळ मुले या प्रश्नात गुण मिळवतात. 'टू' गेला की तिथे 'सो' आणायचा, पुढे 'दॅट' आणि मग 'कॅनॉट', हे त्यांना तोंडपाठ असते. त्याच मुलांना "काल शाळेत का आला नाहीस?" एवढे इंग्रजीत विचारावे. न येण्याचे कारण त्यांना ठाऊक असते, नियमही ठाऊक असतात, आणि तरी वाक्य तोंडातून बाहेर पडत नाही.

स्वातंत्र्यानंतर काही वर्षे मुंबई राज्यात इंग्रजी आठवीपासून सुरू होत असे. पुढे ते पाचवीवर आले. २००० साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, ते पहिलीपासून सुरू झाले. म्हणजे आज दहावीला बसणाऱ्या मुलाच्या पाठीशी इंग्रजीची दहा वर्षे असतात. सुरुवात अलीकडे आली, पण शिकवण्याची रीत फारशी बदलली नाही. पाचवीत जे करत होतो तेच थोडे सोपे करून पहिलीत नेले. मुलांच्या शिक्षणाविषयीच्या 'असर'च्या २०१६च्या पाहणीत देशातल्या ग्रामीण भागात पाचवीतल्या साधारण चारांतल्या एकाच मुलाला इंग्रजीतली साधी वाक्ये वाचता आली होती. दहा वर्षांनी नियम येतात आणि वाक्य येत नाही, याचा दोष मुलांच्या बुद्धीला देता येणार नाही. तो आपण लावलेल्या क्रमाचा आहे. हे पुस्तक त्या क्रमाविषयी आहे.

पुस्तकाचे म्हणणे दोन वाक्यांत सांगता येईल. इंग्रजी व्याकरण शिकवायलाच हवे, पण ते मुलाच्या कानांवरून आणि जिभेवरून गेलेल्या भाषेच्या मागून यावे. आणि ते शिकवताना मुलाची मराठी वर्गाच्या दाराबाहेर ठेवू नये. ही दोन्ही वाक्ये साधी दिसतात, पण दोहोंना कडवे विरोधक आहेत. व्याकरण शिकवूच नका, ऐकून ऐकून भाषा आपोआप येते, असे एक पक्ष सांगतो. इंग्रजीच्या तासाला मराठी शब्द उच्चारायचा नाही, असे दुसरा बजावतो. प्रशिक्षणवर्गांत शिक्षकांनी हे दोन्ही उपदेश ऐकलेले असतात, कधी कधी एकाच दुपारी. ते आले कुठून, हे आधी पाहिले पाहिजे.

इंग्रजी शिकण्याची आपल्याकडची जुनी वाट भाषांतराची. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर मराठी माणसांच्या कितीतरी पिढ्यांनी इंग्रजी गिरवले. शाळेत न गेलेल्यांनी, नोकरी सांभाळून रात्री अभ्यास करणाऱ्यांनीही ती वापरली. एक नियम, थोडे शब्द, मग मराठीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून मराठीत वाक्ये, अशी तिची शिस्त. या रीतीची आज टिंगल होते, ती पूर्णपणे न्याय्य नाही. तिच्यात दोन्ही भाषांना सारखा मान होता आणि प्रत्येक वाक्य अर्थासकट तोलून घ्यावे लागे. तिची उणीव वेगळी होती: विद्यार्थी वाचायला आणि लिहायला शिके, इंग्रजी ऐकायची आणि बोलायची वेळ आली की अडखळे.

दुसरी वाट निखळ व्याकरणाची. तिच्यावर आधी नेसफिल्ड आणि मग रेन आणि मार्टिन ही नावे कोरलेली आहेत. रेन आणि मार्टिन यांचे व्याकरण १९३०च्या दशकातले. आजही ते दुकानात मिळते आणि स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले ते घेतात. पण ते मुळात लिहिले गेले भारतात राहणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या मुलांसाठी. ती मुले घरी इंग्रजीच बोलत. त्यांना भाषा येत होती. तिचे पृथक्करण तेवढे शिकायचे होते. वाक्याचे उद्देश्य आणि विधेय वेगळे करणे, काळांची नावे सांगणे, प्रयोग बदलणे, हा त्यांच्यासाठी योग्य अभ्यास होता. तेच पुस्तक आपण भाषा न येणाऱ्या मुलाच्या हाती दिले आणि पृथक्करणातून भाषा उगवेल अशी वाट पाहत बसलो. ज्याने आयुष्यात पोहे खाल्ले नाहीत त्याला पाककृती पाठ करायला लावण्यासारखेच हे. पुस्तक उत्तम आहे, आजही उपयोगी आहे. आपण ते दहा वर्षे आधी उघडले, एवढेच.

या दोन्ही वाटांना उत्तर म्हणून विसाव्या शतकात एकामागून एक पद्धती आल्या, आणि त्यांतल्या काहींची जडणघडण भारतातच झाली, हे आपल्या प्रशिक्षणात क्वचितच सांगितले जाते. मायकेल वेस्ट हे ढाक्यात शिक्षणखात्यात काम करत होते. बंगाली मुलाला इंग्रजीची गरज प्रामुख्याने वाचनासाठी आहे, हे त्यांनी १९२६च्या आपल्या अहवालात मांडले आणि मोजक्या शब्दांत लिहिलेली वाचनपुस्तके तयार केली. पुढे १९५३मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेली सुमारे २,००० नित्योपयोगी शब्दांची यादी जगभर वापरली गेली. पन्नास-साठच्या दशकांत संरचनावादी पद्धत आली. वाक्यांचे साचे सोप्याकडून अवघडाकडे लावायचे, एका वेळी एकच साचा घ्यायचा, तो तोंडी घोटून घ्यायचा. 'धिस इज अ पेन', 'दॅट इज अ डोअर' ही त्या काळाची देणगी. तिच्यामुळे इंग्रजी वर्गात प्रथमच मोठ्याने बोलले जाऊ लागले, हे तिचे श्रेय. पण हातातले पेन सर्वांना दिसत असताना 'हे पेन आहे' हे कोण कोणाला सांगते? वाक्य बरोबर, पण त्यात कळवण्यासारखे काही नाही. मुले ते सुरात म्हणत आणि घंटा झाली की विसरत.

सत्तरच्या दशकात डेल हाइम्स, डेव्हिड विल्किन्स यांच्या विचारांतून संवादाची पद्धत आली. भाषा म्हणजे वाक्यांचे साचे नव्हेत. परवानगी मागणे, नकार देणे, माहिती विचारणे यांसाठी ती असते, हा तिचा मुद्दा रास्त होता. आपल्या साठ-साठ मुलांच्या वर्गात येईपर्यंत मात्र तिचे रूप पालटले. 'ॲट द पोस्ट ऑफिस', 'ॲट द रेल्वे स्टेशन' अशी संभाषणे पाठ्यपुस्तकात आली आणि मुलांनी तीही पाठ केली. पुढच्या माणसाने पुस्तकाबाहेरचे एक वाक्य उच्चारले की संभाषण संपले.

यावर सर्वांत धीट प्रयोग आपल्या शेजारीच झाला. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातल्या साध्या शाळांमध्ये एक प्रकल्प चालवला. तो 'बंगलोर प्रकल्प' म्हणून ओळखला जातो. त्यात व्याकरणाचा पाठ नव्हता, साचे घोटणे नव्हते. मुलांपुढे नकाशा, वेळापत्रक, दुकानाचा हिशेब ठेवायचा आणि एखादे कोडे सोडवायला द्यायचे: या गाडीने गेले तर दुपारपर्यंत पोचता येईल का? कोणती गाडी स्वस्त पडेल? मूल अर्थाच्या मागे लागले की भाषेची घडण त्याच्या मनात नकळत बसते, असा प्रभूंचा विश्वास होता. आज जगभर 'टास्क' नावाने जे शिकवणे चालते, त्याच्या मुळाशी हा प्रकल्प आहे. त्याच प्रभूंनी १९९०मध्ये एका निबंधात लिहिले, की सर्वोत्तम अशी कोणतीही पद्धत नसते. आपण जे शिकवतो ते मुलाच्या मनात कसे उतरते याची शिक्षकाला स्वतःला जी जाण असते, ती जिवंत राहिली तर पद्धत चालते, नाही तर कोणतीही पद्धत कवायत होते. या पुस्तकाची बैठक तीच आहे.

मग व्याकरणाचे काय? स्टीफन क्रॅशन यांनी ऐंशीच्या दशकात ठामपणे सांगितले, की समजेल असे इंग्रजी भरपूर कानांवर आणि डोळ्यांवर पडले की पुरे. नियम जाणीवपूर्वक शिकल्याने भाषा येत नाही. यातला पहिला अर्धा भाग खरा आहे आणि आपल्याकडे नेमका तोच पाळला जात नाही. पण पुरे म्हणता येत नाही. कॅनडात इंग्रजी बोलणाऱ्या मुलांना वर्षानुवर्षे शाळेतले विषय फ्रेंचमधून शिकवले गेले. ती फ्रेंच उत्तम समजू लागली, न घाबरता बोलूही लागली, पण बोलण्या-लिहिण्यात व्याकरणाच्या चुका राहिल्याच. मेरिल स्वेन यांनी त्यावरून दाखवले, की मुलाला स्वतः वाक्य रचावे लागले, अडावे लागले, तरच भाषेच्या बांधणीकडे त्याचे लक्ष जाते. रिचर्ड श्मिट यांनी १९९०मध्ये याच्याच जवळचे सांगितले: जे ध्यानात आले नाही ते शिकले जात नाही. शिक्षकाचे काम इथे सुरू होते. भाषा आधी वापरात आणायची, मग तिच्या एका ठिकाणावर बोट ठेवायचे, मग पुन्हा वापरायला लावायचे. नियम मधोमध येतो. सुरुवातीलाही नाही आणि शेवटीही नाही.

याचे उदाहरण म्हणून एसटीचे वेळापत्रक घेऊ. एका बाकावर दोन मुले. एकाच्या कागदावर साताऱ्याच्या गाड्यांच्या वेळा आहेत, कोल्हापूरच्या नाहीत. दुसऱ्याच्या कागदावर उलट. एकमेकांचा कागद पाहायचा नाही, विचारून तक्ता पुरा करायचा. 'व्हेन डझ द फर्स्ट बस लीव्ह?' 'इट लीव्ह्ज ॲट सिक्स.' हे विचारणे दहा-बारा वेळा होते आणि प्रत्येक वेळी उत्तराची खरी गरज असते. तक्ता पुरा झाला की शिक्षक फळ्यावर दोन वाक्ये लिहितात, प्रश्न आणि उत्तर, आणि एकच गोष्ट विचारतात: उत्तरात 'लीव्ह'ला जो 'एस' आहे, तो प्रश्नात कुठे गेला? कोणीतरी म्हणतेच, की तो 'डझ'ने घेतला. नियम मुलांनी शोधला. आता त्याला नाव द्या, वहीत लिहू द्या, आणि दुसऱ्या दिवशी 'डिड'बद्दल तोच प्रश्न विचारा. 'डिड यू वेंट' ही चूक ओरडून जात नाही. भूतकाळ 'डिड'ने आधीच घेतला आहे, हे मुलाने स्वतः पाहिले की जाऊ लागते.

आता मराठीकडे वळतो, कारण या पुस्तकाचा मोठा भाग तिच्याविषयी आहे. पिट कॉर्डर यांनी १९६७मध्ये आणि लॅरी सेलिंकर यांनी १९७२मध्ये सांगितले, की शिकणाऱ्याच्या चुका म्हणजे केवळ गोंधळ नव्हे. त्यांच्यामागे एक व्यवस्था असते. आपल्या मुलांच्या चुका या नजरेने पाहिल्या, तर त्यांतल्या कितीतरी चुकांमध्ये शुद्ध मराठी व्याकरण दिसते.

'आय हॅड गॉन टू पुणे येस्टरडे' हे वाक्य घ्या. मूल 'मी काल पुण्याला गेलो होतो' असे म्हणते आहे आणि मराठीत ते अगदी बरोबर आहे. 'गेलो' आणि 'गेलो होतो' यांत मराठी एक बारीक भेद करते: गेलो होतो, म्हणजे जाऊन आलो, ती गोष्ट आता मागे पडली. इंग्रजीतला 'हॅड' त्यासाठी नाही. त्याला भूतकाळातली दुसरी घटना लागते, जिच्या आधी पहिली घडली. मग सुरुवात कुठून करावी? जिथे दोन्ही भाषा एकत्र चालतात तिथून. 'मी स्टँडवर पोचलो तेव्हा गाडी सुटली होती.' इथे मराठीतला 'होती' आणि इंग्रजीतला 'हॅड' एकच काम करतात. हे वाक्य पक्के झाल्यावर, दोन भाषा कुठे वेगळ्या होतात ते दाखवावे. नियम तोच, पण उलट्या बाजूने सांगितला की मुलाला परका वाटत नाही.

'अ' आणि 'द' या उपपदांबद्दल आपण मुलांना सांगतो, की मराठीत असले काही नाही. ते अर्धेच खरे आहे. 'एका गावात एक म्हातारी राहत होती. म्हातारीला दोन नाती होत्या.' पहिल्यांदा 'एक' म्हातारी, दुसऱ्यांदा नुसती म्हातारी. 'आम्ही मुलगी बघतोय' आणि 'आम्ही मुलीला बघतोय' यांतला फरक कोणत्याही मराठी घरात समजतो. पहिल्यात मुलगी अजून ठरलेली नाही, दुसऱ्यात ती समोर आहे. ओळख करून दिलेले आणि न दिलेले यांतला भेद मराठी मुलाच्या मनात आधीच आहे. इंग्रजी तो वेगळ्या शब्दांनी दाखवते, इतकेच त्याला शिकायचे आहे. अर्थात 'द सन' किंवा नद्यांच्या नावांआधीचा 'द' या मार्गाने येत नाही. त्यासाठी वाचनच लागते.

प्रयोगांचे प्रकरण तर आपणच गुंतागुंतीचे केले आहे. मराठीच्या तासाला मूल शिकते, की 'रामाने रावण मारला' हा कर्मणी प्रयोग. इंग्रजीच्या तासाला शिकते, की कर्मणी म्हणजे 'पॅसिव्ह व्हॉइस'. आणि त्या मराठी वाक्याचे इंग्रजी होते 'रामा किल्ड रावणा', जे 'ॲक्टिव्ह' आहे. मग 'पॅसिव्ह' समजावण्यासाठी 'रावण रामाकडून मारला गेला' असे एक वाक्य बनवले जाते, जे घरात कोणी बोलत नाही. खरे तर मराठीत 'पॅसिव्ह'चे काम दुसरे एक रूप रोज करते. 'दुरुस्तीसाठी रस्ता बंद करण्यात आला आहे.' 'अर्ज स्वीकारले जाणार नाहीत.' वर्तमानपत्रात, ग्रामपंचायतीच्या फलकावर, शाळेच्या सूचनेत ही वाक्ये सगळीकडे असतात. रस्ता कोणी बंद केला हे सांगायचे नाही, किंवा सांगायची गरज नाही. म्हणून ही रचना. इंग्रजी 'पॅसिव्ह' तिथेच राहतो, आणि सेमी-इंग्रजीच्या विज्ञानाच्या पुस्तकात पानोपानी भेटतो: पाणी तापवले जाते, वायू गोळा केला जातो. 'बाय'सकट वाक्य उलटेपालटे करण्याच्या सरावाने हे कळत नाही. सूचनाफलक वाचायला दिला की कळते.

अशी आणखी कितीतरी स्थळे आहेत. 'मला दोन बहिणी आहेत', 'माझ्याकडे पैसे आहेत', 'मला ताप आहे' या तीन मराठी वाक्यांना इंग्रजीत एकट्या 'हॅव'ने भागवावे लागते. 'तो म्हणाला, की मी उद्या येतो' यातला 'मी' मराठीत बोलणाऱ्याचाच राहतो. इंग्रजीत तसाच ठेवला तर येणारा माणूसच बदलतो. 'जेवला नाहीस?' या प्रश्नाला आपण 'हो, नाही जेवलो' म्हणतो, इंग्रजी 'नो' म्हणते. आत्ताच, त्यानेच, इथेच यांतला 'च' इंग्रजीत नेला की 'नाऊ ओन्ली' होतो. पुस्तकाच्या दुसऱ्या भागात यांतले एकेक स्थळ घेऊन, मराठी काय करते, इंग्रजी काय करते आणि वर्गात काय करावे, असे तीन टप्प्यांत मांडले आहे.

इथे एक जुनी ओळखही सांगायला हवी. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण लिहिले, ते इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर. त्या मांडणीवर कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी आक्षेप घेतले; मोरो केशव दामल्यांनी १९११च्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'त साऱ्या पूर्वसूरींची झडती घेतली. वाद झाले, पण शाळेत शब्दांच्या आठ जाती कायम राहिल्या: नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद आणि चार अव्यये. इंग्रजीच्या पुस्तकातही शब्दांचे प्रकार आठच, आणि तेच. फरक एवढाच, की शब्दयोगी अव्यय मराठीत नामाच्या नंतर लागते आणि इंग्रजीत आधी. मूल एकाच आठवड्यात ही यादी दोनदा, दोन नावांनी पाठ करते, आणि ती एकच आहे हे त्याला कोणी सांगत नाही.

चुका दुरुस्त करण्याबाबत पुस्तकाची भूमिका सौम्य वाटेल. ती सैल मात्र नाही. 'ही गो' लिहिले की लाल शाई चालते. पण रॉजर ब्राउन यांनी १९७३मध्ये इंग्रजी घरांतल्या मुलांच्या भाषेचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातही हा 'एस' उशिरा स्थिरावणाऱ्या रूपांमध्ये होता. जे त्या मुलांना उशिरा येते ते आपल्या तिसरीच्या मुलाला लगेच यावे, हा हट्ट फोल आहे. म्हणून चुकांची क्रमवारी लावावी. अर्थ बिघडवणारी चूक आधी: काळ, नकार, कोण कोणाला म्हणाले. नुसती रूपाची चूक नंतर. भारतीय इंग्रजीची जी वळणे देशभर समजतात, त्यांच्यासाठी तास खर्चू नये. परीक्षेत काय लिहायचे ते एकदा सांगून सोडून द्यावे. एका निबंधात एका वेळी एकाच प्रकारच्या चुका खुणवाव्यात. सगळ्या चुका एकदम दाखवल्या की मुलाला एकही दिसत नाही.

श्रवण, भाषण, वाचन, लेखन या चार कौशल्यांपैकी आपल्याकडे श्रवणाची सर्वाधिक उपेक्षा झाली आहे. मुलाला इंग्रजी ऐकायला मिळते ते मुख्यतः शिक्षकाच्या तोंडून, आणि शिक्षक मराठीतून इंग्रजी समजावत असतात. त्यांना दोष देऊन उपयोग नाही. प्राथमिक शाळेत एकच शिक्षक सगळे विषय शिकवतात; आपले इंग्रजी कच्चे आहे ही भीती त्यांनाही असते. म्हणून पुस्तकात वर्गात रोज लागणारी साधी वाक्ये दिली आहेत: हजेरीची, सूचनांची, कौतुकाची, खेळाची. ती रोज, न चुकता, इंग्रजीतच बोलावीत. समजावण्यासाठी मराठी खुशाल वापरावी. मराठी कशासाठी आणि इंग्रजी कशासाठी, हे ठरलेले असले की दोन्ही भाषा एकमेकींच्या आड येत नाहीत.

वाचनाची पहिली खूण मुलाच्या पुस्तकातच सापडते. इंग्रजी शब्दांच्या डोक्यावर पेन्सिलीने देवनागरी लिहिलेली असते: 'धिस', 'वॉज', 'देअर'. याबद्दल मुलांना रागावू नये. देवनागरीत जसे लिहितो बव्हंशी तसेच वाचतो. इंग्रजीत २६ अक्षरांना चव्वेचाळीसच्या आसपास ध्वनी पेलावे लागतात. मूल आपल्या जवळचे साधन वापरते आहे. मात्र ती पेन्सिल सुटायला हवी असेल, तर 'सी ए टी कॅट' अशा घोकंपट्टीऐवजी अक्षरगटांचे आवाज शिकवावे लागतात: 'एस एच' एकत्र आले की काय होते, शेवटचा 'ई' मधल्या स्वराचे काय करतो. पुस्तकाचा पहिला भाग यासाठी आहे. त्यापुढे मुलाने आपल्या इयत्तेपेक्षा सोपी पुस्तके मनातल्या मनात, भरपूर वाचावीत. एकाने उठून मोठ्याने वाचायचे आणि बाकीच्यांनी बोट ठेवून बसायचे, याला वाचन म्हणत नाहीत.

लेखनासाठी तिसऱ्या भागात एक युक्ती वारंवार येते. शिक्षकांनी चार-पाच वाक्यांचा छोटा उतारा नेहमीच्या गतीने दोनदा वाचावा. मुलांनी फक्त महत्त्वाचे शब्द टिपावेत आणि मग दोघा-तिघांनी मिळून उतारा पुन्हा उभा करावा. शब्द हातात असतात, त्यांना जोडणारे व्याकरण नसते. ते मुलांनाच घालावे लागते, त्यावर भांडावे लागते, आणि शेवटी मूळ उताऱ्याशी ताडून पाहावे लागते. 'डिक्टोग्लॉस' या नावाने हा सराव जगभर ओळखला जातो. त्याला खडू आणि फळा एवढेच सामान लागते आणि साठ मुलांच्या वर्गातही तो होतो.

परीक्षेचे काय, हा प्रश्न नववी-दहावीचे शिक्षक विचारतील, आणि तो रास्त आहे. 'टू' काढा, 'नो सूनर' घाला हे प्रश्न उद्या नाहीसे होणार नाहीत. पण तेही अर्थासकट शिकवता येतात. 'चहा प्यायला फार गरम आहे' हे माणूस केव्हा म्हणतो, घाईत आहे म्हणून की कप परत करायचा आहे म्हणून, हे मुलांनी आधी बोलावे. मग 'टू' आणि 'सो... दॅट' यांची अदलाबदल करावी. एवढ्याला पाच मिनिटे जास्त लागतात. ती मिनिटे वाया जात नाहीत, कारण पाठ केलेला साचा परीक्षेनंतर विसरतो आणि समजलेले वाक्य टिकते.

या पुस्तकाच्या मर्यादा उघड आहेत. ते संपूर्ण व्याकरण नाही. नियमांचा कोश हवा असेल तर बाजारात चांगली पुस्तके आहेत. ज्यांच्या घरी मराठी बोलली जाते त्यांच्यासाठी ते आहे. भिल्ली, कोकणी किंवा उर्दू बोलणाऱ्या मुलांच्या वर्गात यातली तुलना जशीच्या तशी लागू होणार नाही. तिथे मुलांच्या भाषेत काय चालते हे शिक्षकांनी मुलांकडूनच समजून घ्यावे लागेल.

शिक्षकांना शेवटी एवढीच विनंती. पुस्तक पहिल्या पानापासून शिकवत जाऊ नका. आपल्या वर्गात वारंवार होणारी एक चूक निवडा, तिचे प्रकरण काढा, महिनाभर तेवढेच करून पाहा आणि न जमलेले समासात लिहून ठेवा. आपल्या शाळेतल्या मराठीच्या शिक्षकांबरोबर एकदा बसा, दोन्ही व्याकरणे शेजारी शेजारी उघडा आणि कोणता पाठ कोणी आधी घ्यायचा ते ठरवा. या एका बैठकीने जे साधेल, ते या पुस्तकाच्या कोणत्याही प्रकरणाने साधणार नाही.